लांबच्या कुत्र्यासाठी शिट्टी: गोळीची की बिनगोळीची?

लॅब्रडॉर किंवा स्पॅनिएल शिकारीत पन्नास-साठ मीटरांच्या आत काम करत असेल, तर कोणतीही बरी शिट्टी चालून जाते, मग तिच्या पोटात फिरणारी छोटी गोळी असो वा नसो. निवडीचा प्रश्न उभा राहतो तो कुत्रा दोनशे मीटरांपलीकडे गेल्यावर, आणि त्यातही वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहत असताना. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या माळांवर, हेदरच्या दाट झुडपांत पडलेले ग्राउस हे शिकारीचे पक्षी शोधून आणण्यासाठी मी लॅब्रडॉर घेऊन जातो. पुढील मते त्या कामातून बनलेली आहेत. पाणथळीत बदकांवर कुत्री सोडणाऱ्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

नीरव शिट्टी (माणसाच्या कानापलीकडच्या उंच सुराची) आणि शिंगाची शिट्टी यांचा विचार लवकर आटोपता येतो. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांच्या १८७६ मधील शिट्टीपासून नीरव शिट्ट्यांची परंपरा सुरू होते. मात्र इतका उंच सूर हवेत लवकर विरतो, शिवाय आपण नेमके काय वाजवले हे आपल्यालाच ऐकू येत नाही. लांब पल्ल्यासाठी तिची शिफारस मी करू शकत नाही. शिंगाची शिट्टी हातात घेतली की ठेववत नाही आणि तिचा आवाजही गोड असतो. परंतु प्रत्येक शिंगाचा सूर निराळा, त्यामुळे ती हेदरमध्ये हरवली की कुत्र्याच्या कानाला सवयीचा झालेला तो सूर पुन्हा मिळत नाही.

उरतात त्या गोळीच्या आणि बिनगोळीच्या शिट्ट्या. बर्मिंगहॅमच्या हडसन कंपनीची ॲक्मी थंडरर १८८४ पासून ओळखीची आहे, आणि गोळीच्या शिट्टीचा मोठा गुण तिच्यात पुरेपूर आहे. गोळी फिरते तसा आवाज थरथरत, तुटत-जुळत बाहेर पडतो, आणि वाऱ्याच्या एकसुरी घोंगावण्यातून तो वेगळा ओळखू येतो. अमेरिकेत रिट्रीव्हर, म्हणजे पडलेला पक्षी शोधून आणणाऱ्या, कुत्र्यांच्या स्पर्धांत तीनशे यार्डांवरूनही कुत्र्याला दिशा द्यावी लागते, आणि तेथील अनेक जाणकार गोळीच्याच शिट्टीला पसंती देतात. त्यांचे म्हणणे निराधार आहे असे मला मुळीच वाटत नाही. उघड्या माळावर, जोराच्या वाऱ्यात, पहिल्या फुंकरीपुरती तीच सरस ठरते.

माझा कौल फिरला तो दुसऱ्या फुंकरीला. कुत्रा बराच वेळ बाहेर असला की शिट्टी ओठांतच धरून ठेवावी लागते, आणि श्वासाची वाफ आत साचत राहते. बुचाची गोळी ती ओल शोषून फुगते. प्लॅस्टिकची गोळी फुगत नाही, पण गारठ्यात एखाद्या थेंबाने आतल्या भिंतीला चिकटून बसते. मग फुंकर मारली की थरथर नाहीशी होऊन एक पातळ, सपाट आवाज निघतो, किंवा नुसती हवा फुसफुसते. तिकडे कुत्रा दगडी बांधाजवळ नाक खाली घालून निघालेला असतो. थांबण्याच्या पहिल्या शिट्टीला त्याने मान जराशी उचललेली असते आणि आता दुसरी हवी असते. ती आली नाही, तर तो पुढे जातो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे काही चुकलेले नसते. असे वारंवार होऊ लागले, तर थांबण्याची शिट्टी पाळली नाही तरी चालते, असे कुत्रा शिकतो. ही सवय मोडायला फार काळ लागतो, आणि मला हीच गोष्ट सर्वांत अधिक खटकली.

हा दोष केवळ शिकारी कुत्री बाळगणाऱ्यांनाच जाणवला असे नाही. कॅनडाचे बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांच्या शिट्टीतील गोळी १९८४ मध्ये ब्राझीलमधील एका सामन्यात ऐन वेळी अडकली, आणि त्यातूनच पुढे १९८७ मध्ये बिनगोळीची फॉक्स ४० बाजारात आली. तिचा आवाज दणदणीत आहे. तरी पंचाला शिट्टी हळू वाजवण्याची गरज सहसा पडत नाही. आपल्याला पडते, कारण तोच कुत्रा क्षणात वीस पावलांवर येतो.

म्हणून बिनगोळीच्या शिट्ट्यांत मला ॲक्मीची साधी प्लॅस्टिकची शिट्टी अधिक सोयीची वाटते. हळू फुंकली की ती हळू वाजते. रिवाजाने स्पॅनिएलवाले २१०.५ आणि लॅब्रडॉरवाले २११.५ क्रमांकाची घेतात. पेटीवर काळी चार म्हटले की पट्टी ठरली, तसा येथे क्रमांक सांगितला की सूर ठरतो. हरवली तर कोणत्याही दुकानातून तोच सूर परत आणता येतो. तिचा आवाज थरथरत नाही, आणि सुसाट वाऱ्यात तो गोळीच्या शिट्टीपेक्षा किंचित कमी पोहोचतो असा माझा अंदाज आहे. शेजारच्या माणसाकडे तोच क्रमांक असेल, तर कोवळा कुत्रा काही काळ गोंधळतो; पुढे तो आपल्या मालकाची फुंकण्याची लय ओळखू लागतो. या दोन्ही उणिवा मी पत्करल्या, कारण भिजली किंवा गारठली तरी ही शिट्टी ओठांतून झटकून पुन्हा फुंकली की तोच सूर देते.

पिल्लाला नव्याने शिकवायला घेणार असाल, तर २११.५ च्या दोन शिट्ट्या घ्याव्यात, एक गळ्यात आणि एक कोटाच्या खिशात. कुत्रा आधीच गोळीच्या शिट्टीवर तयार झालेला असेल, तर मात्र घाईने बदल करू नये. प्लॅस्टिकच्या गोळीची शिट्टी ठेवावी, आणि तशीच दुसरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.