आगळीवेगळी गाडी परदेशात पाळायची तर: जपान, जर्मनी, ब्रिटन की अमेरिका?

दोन वर्षांच्या व्हिसावर आलेल्या माणसाने आणि कायमच्या स्थायिक झालेल्या माणसाने एकच गाडी घेऊ नये, मग दोघांचा जीव तिच्यावर सारखाच जडलेला का असेना. लोक वळून बघतील अशा गाड्या जमवायच्या आणि त्यांच्यावर हात चालवायचा, हा छंद परक्या देशात करायचा तर गाडीची निवड तिसरी येते. आधी जागा, मग कागद. जागा म्हणजे गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिचं बॉनेट उघडून बसलात तर कोण हटकणार. कागद म्हणजे सरकारदरबारी ती गाडी काय आहे आणि तुम्ही कोण आहात. या दोन गोष्टी देशागणिक पार बदलतात.

त्याआधी स्वतःला एक विचारून घ्या: गाड्या जमवायच्या आहेत की बदलायच्या आहेत? हे दोन छंद भाऊभाऊ दिसतात, पण त्यांचं पटत नाही. जमवणाऱ्याला कारखान्यातून निघाली तशी गाडी हवी असते, बदलणाऱ्याला तिच्यात आपलं काही घालायचं असतं. कायदाही त्यांना वेगवेगळं वागवतो. जुन्या गाड्यांना मिळणाऱ्या बहुतेक सवलती ‘मूळ रूप राखलं आहे’ या अटीवर मिळतात. दोन्ही हौशी एकाच गाडीवर भागवायला गेलात तर सवलतही जाते आणि किंमतही.

जपानपासून सुरुवात करतो, कारण विचित्र गाड्यांचं माहेरघर तेच. तिथला केइ वर्ग म्हणजे छोट्या गाड्यांचा सरकारी वर्ग: ६६० सीसी इंजिन, ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी, आणि कंपन्यांनी आपसात पाळलेली ६४ अश्वशक्तीची मर्यादा. एवढ्याशा चौकटीत १९९१-९२ च्या सुमारास होंडा बीट, सुझुकी कॅपुचिनो आणि ऑटोझॅम एझेड-१ अशा तीन स्पोर्ट्स गाड्या निघाल्या. एझेड-१ ची दारं पंखासारखी वर उघडतात, आत बसताना मात्र अंग चोरावं लागतं. निस्सानची फिगारो १९९१ ची. एकूण २०,००० बनल्या आणि मागणी एवढी की सोडत काढावी लागली. दिसायला ती आजोबांच्या तरुणपणीची, पण पत्र्याखाली साधी मायक्रा. नवख्याने अशीच गाडी शोधावी असं मी म्हणेन: चेहरा अनोळखी, हाडं ओळखीची. इंजिनचे पार्ट मिळत राहतात. फक्त काच, बंपर, दिवे यांना जपायचं.

जपानमध्ये पहिला अडसर पार्किंगचा. गाडी नावावर करण्याआधी घरापासून २ किलोमीटरच्या आत तुमच्या हक्काची जागा आहे हे पोलीस ठाण्यातून प्रमाणित करून घ्यावं लागतं. शहरात ती जागा महिन्याच्या भाड्याने घ्यावी लागते, म्हणजे संग्रहातली प्रत्येक गाडी दरमहा भाडं खाते. केइला इथे सूट आहे: अनेक गावांत हा दाखला लागतच नाही, मोठ्या शहरांत नुसती नोंद द्यावी लागते. नावावर करतानाही मोठ्या गाडीला सहीऐवजी वापरायच्या, सरकारदरबारी नोंदवलेल्या स्वतःच्या शिक्क्याचा दाखला लागतो, केइचं काम रहिवासाच्या कागदावर होतं. नुकत्याच आलेल्या परदेशी माणसाला हा फरक खूप मोठा वाटतो.

पासिंगला तिथे शाकेन म्हणतात. नव्या गाडीला ३ वर्षांनी, नंतर दर २ वर्षांनी. मॉडिफिकेशनच्या बाबतीत जपान लोक समजतात तेवढा कडक नाही, काटेकोर आहे. कागदावरच्या मापापेक्षा लांबीत ३, रुंदीत २ आणि उंचीत ४ सेंटिमीटरपर्यंत फरक चालतो. त्यापुढे गेलात तर बदलाची वेगळी तपासणी करून नवे आकडे कागदावर चढवायचे. गाडी कितीही खाली बसवा, जमिनीपासून ९ सेंटिमीटरची फट राहिलीच पाहिजे. मला हा आकड्यांचा कारभार आवडतो, कारण त्यात तपासनीसाची मर्जी फारशी शिरत नाही. खटकतं ते एकच: पेट्रोल गाडीला १३ वर्षं झाली की कर वाढतो. म्हणजे जुनी गाडी नेटकी सांभाळलीत म्हणून दंड! गाडी लिलावातून घेत असाल तर लिलावाचा कागद वाचायला शिका, नाहीतर वाचू शकणारा मित्र धरा. ‘आर’ श्रेणी म्हणजे ठोकून दुरुस्त केलेली. स्वस्त फिगारोच्या कागदावर ते अक्षर दिसलं तर स्वस्ताईचं कोडं सुटतं.

जर्मनीत गाड्यांची विचित्र घराणी वेगळी आहेत. पुढचं तोंडच दार म्हणून उघडणारी बीएमडब्ल्यू इसेटा, विमानासारखी एकामागे एक बसायची मेसरश्मिट केआर २००, आणि सगळ्यांची लाडकी ट्राबांट. ट्राबांटची बॉडी ड्युरोप्लास्टची, म्हणजे रेझिनमध्ये दाबलेल्या कापसाच्या टाकाऊ तंतूंची, म्हणून ती गंजत नाही असं विकणारा छातीठोक सांगतो. खरं आहे, पण आतला सांगाडा पोलादी आहे आणि तो मजेत गंजतो. बाहेरून चकाचक ट्राबांट घेताना खाली झोपून टॉर्च मारल्याशिवाय पैसे देऊ नका.

इथली मोठी सोय म्हणजे नंबर प्लेटच्या तऱ्हा. गाडी ३० वर्षांची झाली, मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत असली की एच अक्षराची प्लेट मिळते. मग कारला वर्षाला सरसकट १९१.७३ युरो कर, इंजिन केवढंही असो, आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांतही, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना मज्जाव असलेल्या भागांतही, मोकळीक. मोठ्या इंजिनाच्या गाडीला हा फायदा घसघशीत. ६०० सीसीच्या ट्राबांटला मात्र साधी प्लेटच स्वस्त पडू शकते, म्हणून गणित करून पाहा. फक्त उन्हाळ्यात चालवायची तर २ ते ११ महिन्यांची हंगामी प्लेट घेता येते. अनेक जुन्या गाड्या असतील तर ०७ ने सुरू होणारी लाल प्लेट आहे: एकच प्लेट, आलटूनपालटून लावायची, पण मेळावे, चाचणीची फेरी आणि दुरुस्तीची ने-आण यांसाठीच, आणि प्रत्येक फेरी वहीत लिहून. हंगामी प्लेटला एक मेख आहे. हंगाम संपला की गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही, म्हणजे पुन्हा जागाच लागली.

बदल करायचे तर जर्मनीत उत्साहाला लगाम लागतो. चाकं, सस्पेन्शन, स्टिअरिंग, सायलेन्सर, जे बदलाल त्याचं मान्यतापत्र हवं. ते नसेल तर तपासनीसाकडून एकट्या गाडीची तपासणी करून बदल कागदावर चढवायचा. हे टाळलंत तर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच रद्द होऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला तेवढंच निमित्त पुरतं. एच प्लेटच्या गाडीला तर त्या काळात होत असत तसेच बदल चालतात. तिथले जुने हौशी एकच गोष्ट सांगतात: भाग विकत घेण्याआधी तपासनीसाला जाऊन भेटा. त्याने आधी मान डोलावली की पुढचं सोपं, आधी कापाकापी करून गेलात तर कठीण. शिवाय तिथे भाड्याच्या गॅरेजात सहसा गाडी उभी करता येते, वर्कशॉप थाटता येत नाही. करार नीट वाचा.

उचापतखोर माणसाचा देश ब्रिटन. इथे शेडमध्ये स्वतः गाडी बांधण्याची जुनी परंपरा आहे आणि कायद्याने तिला रस्ता ठेवलेला आहे: एकट्या गाडीची मान्यता-चाचणी पास झालात की हाताने बांधलेली गाडीही रस्त्यावर येते. तीनचाकी रिलायंट रॉबिनचं हसं खूप झालं, पण फायबरग्लासची बॉडी, ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन आणि घरच्या घरी उघडता येणारी सगळी रचना पाहिली तर शिकाऊ माणसाला याहून बरी गाडी सापडणार नाही. फक्त चासी पोलादी आहे. टॉर्च इथेही न्या.

ब्रिटनमध्ये पासिंग ३ वर्षांनंतर दर वर्षी असतं. ४० वर्षं झालेल्या गाडीचा रस्ता कर माफ होतो. वार्षिक चाचणीतूनही सुटका होते, पण गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठा फेरफार झालेला नसेल तरच. चासी, ॲक्सल किंवा दुसऱ्या जातीचं इंजिन यांना मोठा फेरफार धरतात. जमवणारा आणि बदलणारा यांचं भांडण इथे थेट कायद्यातच दिसतं. गाडी वापरात नसेल तर तसं कळवून कर थांबवता येतो, मात्र मग ती खाजगी जागेत हवी. लंडनमध्ये राहत असाल तर धुराच्या निकषात न बसणाऱ्या गाडीला रोजची फी आहे. चाळिशी ओलांडलेली, ऐतिहासिक वर्गात नोंदलेली गाडी त्यातून सुटते, पण पस्तीस वर्षांची फिगारो अधेमधेच लटकते. विम्याचं म्हणाल तर प्रत्येक बदल कंपनीला सांगायचा, अगदी चाकंसुद्धा. आणि नेहमीच्या विम्याऐवजी ठरलेल्या किमतीचा विमा घ्या. नाहीतर गाडी गेल्यावर कंपनी तिला ‘जुनी छोटी हॅचबॅक’ समजून मोल करते आणि तुमची वर्षांची मेहनत त्या मोलात बसत नाही.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. जागा हवी असेल तर अमेरिकेसारखा देश नाही. दोन-तीन गाड्यांचं गॅरेज तिथे नवलाचं नाही, आणि अनेक राज्यांत बदलांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. अडचण आणण्याची आहे. १९८८ च्या कायद्यापासून बाहेरची, तिथल्या सुरक्षा नियमांत न बसणारी गाडी २५ वर्षांची झाल्याखेरीज आणता येत नाही, आणि वय मोजतात ते बनल्याच्या महिन्यापासून. तेवढ्याने भागत नाही. केंद्र सरकारने सोडलेला केइ ट्रक काही राज्यं नंबर द्यायलाच नकार देतात. म्हणून आधी आपल्या राज्याचा नियम, मग गाडीचा सौदा. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराची चाचणी नाही. त्यानंतरच्या गाडीला इंजिनला मूळ कंपनीचा नसलेला भाग लावायचा तर त्याला राज्याचा मान्यता क्रमांक हवा. शेजारी कॅनडात आयातीची अट १५ वर्षांचीच आहे, त्यामुळे तिथल्या रस्त्यांवर जपानी गाड्या दहा वर्षं आधी दिसू लागतात आणि दक्षिणेकडचे शौकीन हळहळतात.

सिंगापूर या यादीत घालण्यात अर्थ नाही. गाडी बाळगण्याचा परवानाच १० वर्षांचा असतो, आणि ३५ वर्षांवरची क्लासिक गाडी सवलतीत ठेवलीत तर वर्षाला ४५ दिवस बाहेर काढायची. तिथे लहान प्रमाणातली खेळण्यातली मॉडेल जमवावीत, हे मी चेष्टेने म्हणत नाही.

मग कोणी कुठे काय घ्यावं? मुक्काम तीन वर्षांहून कमी असेल तर एकच गाडी, शक्यतो जपानची केइ, आणि तीही मूळ रूपात. पासिंगची मुदत शिल्लक असलेली गाडी पटकन विकली जाते. मुक्काम लांबणार असेल आणि बदलण्याचीच खाज असेल तर ब्रिटन, कारण तिथे चुकायला वाव आहे. सबुरी असेल, हिवाळाभर एकाच दाराच्या बिजागरीवर बसण्यात मजा वाटत असेल तर जर्मनी. चार गाड्या डोक्यात घोळत असतील तर अमेरिका, पण त्या तिथेच मिळणाऱ्या असाव्यात. अपार्टमेंटमध्ये राहून चारही ठिकाणी दुसऱ्या गाडीचा विचार मी करणार नाही. बंद पडलेली एक गाडी हा छंद असतो, दोन झाल्या की शेजाऱ्यांची तक्रार होते.

बदलांसाठी मी एक नियम पाळायला सांगेन: बोल्ट उघडून उलटवता येणार नाही असं काही करायचं नाही. कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. सीट, चाकं, स्टिअरिंग, सस्पेन्शन बदला. रंगाऐवजी व्हिनाइलची चिकटणारी फिल्म चढवा. ब्रिटनमध्ये रंग बदलल्याची नोंद नोंदणी कार्यालयात करावी लागते, तेवढी करा. परदेशी माणसाला हा नियम जास्त लागू पडतो, कारण त्याची बदली कधी होईल याचा नेम नसतो आणि पुढचा देश त्याच गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

देश सोडताना गाडी सोबत न्यायची ठरली तर तारखा आधीपासून जुळवा. युरोपीय संघात बिऱ्हाड हलवून येणाऱ्याला आयात शुल्क माफ होतं, पण गाडी येण्याआधी किमान ६ महिने तुमच्याकडे वापरात असावी लागते, तुम्ही १२ महिने बाहेर राहिलेले असावे लागता आणि आल्यावर १२ महिने ती विकता येत नाही. निघायच्या आदल्या महिन्यात मोहाने घेतलेली गाडी या माफीत बसत नाही. ऑस्ट्रेलियात जात असाल तर ॲस्बेस्टॉसवर २००३ च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे, आणि जुन्या गाडीच्या ब्रेक शूमध्ये, क्लच प्लेटमध्ये, गॅस्केटमध्ये तेच असू शकतं. जहाजावर चढवण्याआधी ते काढून त्याचा पुरावा ठेवावा लागतो. चाकांच्या वरच्या खोबणीतला चिखलसुद्धा धुवून काढा, तिथली तपासणी मातीलाही सोडत नाही.

आणि विकून जाणार असाल तर काढून ठेवलेली मूळ चाकं, मूळ सीट, मूळ सायलेन्सर चिठ्ठ्या लावून गाडीसोबत द्या. फिगारोचा मूळ रेडिओ माळ्यावर विसरून गेलात, तर नवा मालक तुमचा परदेशातला नवा नंबर शोधून काढून फोन करेल.