बाबांची गाडी आणि पहिल्या पावसात उतरलेली चकाकी

गाडी २०१२ची आहे. गडद निळी स्विफ्ट, बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. बाबा गेल्यावर अडीच वर्षं ती नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगच्या आवारात, पर्जन्यवृक्षाखाली तशीच उभी होती. वर कावळ्यांची घरटी, खाली चिकट चीक, पलीकडे रेल्वे लाइन. या मार्चमध्ये आई म्हणाली, "एकतर विकून टाक, नाहीतर नीट कर. अशी बघवत नाही." विकायची नव्हती. नोंदणी २०२७पर्यंत आहे, इंजिन उत्तम आहे. बॅटरी आणि चारही टायर बदलल्यावर आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने एका दिवसात ती चालू करून दिली. राहिला होता फक्त रंग आणि आतला भाग. त्यात माझे ३२,००० रुपये गेले. पैशांपेक्षा मोठं नुकसान म्हणजे बोनेटचा मूळ रंग गेला, आणि तो परत येणार नाही. ठाणे-नवी मुंबईत डिटेलिंगची, म्हणजे गाडी आतून-बाहेरून चकाचक करून देणारी दुकानं आता गल्लोगल्ली आहेत, म्हणून काय झालं ते सविस्तर लिहिते आहे.

दुकान घोडबंदर रोडला लागून असलेल्या एका आतल्या गल्लीत होतं. काचेचा दरवाजा, छताला षटकोनी दिव्यांची जाळी, आत चकचकीत उभ्या दोन मोठ्या गाड्या. दुकानदार तिशीतला आणि बोलायला अतिशय गोड. गाडीभोवती फिरून म्हणाला, "ताई, काळजीच सोडा. तीन स्टेपमध्ये पेंट करेक्शन, त्यावर नाइन-एच सिरॅमिकचे तीन थर, इंटिरिअर डीप क्लीन, हेडलाइट नवीन करून देतो. २६,००० आणि तीन वर्षांची वॉरंटी." म्हणजे मशिनने घासून रंगावरचे ओरखडे काढायचे आणि वर कडक होणारं संरक्षक कोटिंग द्यायचं. निम्मे आगाऊ मागितले. मी तिथेच उभी राहून त्याच्या मोबाइल नंबरवर यूपीआयने १३,००० पाठवले. बिल मागितलं तर "डिलिव्हरीला पूर्ण बिल देतो" म्हणाला. नंतर पाहिलं तर पैसे दुकानाच्या नावावर नव्हते, एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते. मी तिथेच थांबायला हवं होतं.

चौथ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर बोनेटच्या काळपट डागांचे फोटो आले. "ताई, क्लिअर कोट डेड आहे, पेपर मारावा लागेल, ६,००० एक्स्ट्रा." पेपर म्हणजे घासायचा सँडपेपर. गाडी त्याच्या ताब्यात, अर्धे पैसे गेलेले, आणि क्लिअर कोट म्हणजे काय हेही मला धड माहीत नव्हतं. मी हो म्हटलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी गाडी आणायला गेले. दिव्यांच्या जाळीखाली ती खरोखर आरशासारखी दिसत होती. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आत लिंबासारखा वास, डॅशबोर्ड काळाभोर, चमकणारा. निघताना त्याच्या पोऱ्याने "धूळ बसलीय" म्हणून गाडीवर पाइपने पाणी मारलं, फडक्याने पुसली आणि चावी दिली. उरलेले पैसे दिले. बिल "अकाउंटंट उद्या पाठवेल". तो उद्या आजतागायत उगवलेला नाही.

एक गोष्ट मात्र मी बाबांच्या सवयीने केली. पेट्रोल भरलं की किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा, हा त्यांचा नेम. ती वही मी घरी काढून ठेवली होती. गाडी देताना ५२,३१८ लिहिले होते आणि घेताना दुकानातच मीटर पाहून ५२,४०२ लिहिले. म्हणजे डिटेलिंगला दिलेली गाडी नऊ दिवसांत ८४ किलोमीटर फिरली होती. विचारलं तर "ट्रायल घेतली, ताई." रंगाच्या कामाला कसली ट्रायल?

मे महिना बरा गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला, चार दिवस गाडी ओली झाली, वाळली, एकदा शॅम्पूने धुतली. पाचव्या दिवशी सकाळच्या उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा होत्या. त्यांच्यामधून मशिन फिरल्याचे लांब पट्टे, कोन बदलला की हलणारे. कावळ्याच्या शिटेने पडलेले खड्डे जसेच्या तसे. बोनेटच्या पुढच्या कडेला तळहाताएवढा भाग तर पांढुरका, निस्तेज झाला होता, कितीही पुसा, ओल्या खडूसारखा. आणि आतून कुबट वास यायला लागला. सीटबेल्टवर पांढरी बुरशी.

दुकानदाराला फोटो पाठवले. आधी "पाणी खारट असेल ताई", मग "झाडाखाली लावता ना, वॉरंटीत बसत नाही", आणि मग नंबर ब्लॉक.

ऑफिसमधल्या एकाने तुर्भे एमआयडीसीतल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांचं नाव सुचवलं. एका रविवारी कळवा पुलावरून विटावा, ऐरोली करत ठाणे-बेलापूर रोडने गाडी तिकडे नेली. काकांनी आधी काहीच बोलणं केलं नाही. खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि एकेका पॅनलला टेकवत आकडे मोठ्याने वाचू लागले. छप्पर ११६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पुढचं उजवं दार १२१. मागचं डावं दार २४३. काका म्हणाले, "हे दार कधीतरी रंगवलंय." खरं होतं. २०१६ साली बाबांनी ते गेटच्या खांबाला घासलं होतं आणि आईला महिनाभर सांगितलं नव्हतं. मग बोनेट. मध्यभागी ८८. पुढच्या कडेला ६१.

तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मी आधी ऐकलं असतं तर एवढं नुकसान झालं नसतं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन रंग असतो. खाली प्रायमर, मग रंगाचा थर, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ म्हणा. चकाकी त्याचीच, उन्हापासून संरक्षणही त्याचंच. पॉलिश म्हणजे रंगावर काही चढवणं नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत हा थर घासून सपाट करणं म्हणजे पॉलिश. नीट केलेल्या कामात दोन-पाच मायक्रॉन जातात. माझ्या बोनेटच्या कडेवरून जवळजवळ अख्खा क्लिअर कोट गेला होता. कडा आणि उठावाच्या रेषांवर थर आधीच पातळ असतो, मशिनचा दाबही तिथेच जास्त पडतो. जाणता माणूस तिथे टेप लावून मगच मशिन चालवतो.

"ताई, यांनी क्ले मारलेलाच नाही," काका म्हणाले. क्ले म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा. त्यांनी प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून छतावरून माझा हात फिरवला. वाळूच्या कागदासारखं लागलं. रेल्वे लाइनजवळ उभ्या गाड्यांवर ब्रेकचे सूक्ष्म लोखंडी कण येऊन रुततात, साध्या धुण्याने निघत नाहीत. त्यांच्यावर आयर्न रिमूव्हर फवारलं की लोखंडाशी अभिक्रिया होऊन जांभळे ओघळ येतात. काकांनी मागच्या फेंडरवर फवारून दाखवलं, दोन मिनिटांत जांभळं पाणी गळायला लागलं. क्ले न मारता त्या पृष्ठभागावर थेट लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड (घासायची पेस्ट) फिरवलं की ते कण रंगभर ओढले जातात. मग पडलेले ओरखडे दिसू नयेत म्हणून वरून तेलकट ग्लेझ किंवा मेण. ओरखड्यांत ते भरून बसतं, दिव्याखाली आरसा दिसतो, आणि दोन-चार धुण्यांत वाहून जातं.

आणि ते तीन थर सिरॅमिक? काकांनी विचारलं, "गाडी दिली त्या दिवशी पाणी मारलं होतं का?" मारलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत. सिरॅमिक कोटिंग लावल्यावर निदान पहिला दिवस तरी पाणी लागू देत नाहीत आणि आठवडाभर शॅम्पू वापरू नका म्हणतात, कारण ते हळूहळू कडक होतं. कोटिंग खरंच केलं असतं तर त्यावर पाणी मारायची छाती झाली नसती. बोनेटवर पाण्याचे गोल थेंब उभे राहतात हे दाखवून दुकानदार पुरावा दिल्याचा आव आणतात, पण शंभर-दोनशेच्या मेणावरही ते तसेच उभे राहतात. नाइन-एच म्हणजे हिऱ्यासारखं काहीतरी कठीण असं वाटतं, पण ती पेन्सिलच्या शिशाने कठीणपणा मोजायची पद्धत आहे. हिऱ्याच्या कठीणपणाशी तिचा काही संबंध नाही, खडा लागला की ओरखडा पडणारच.

आतली गोष्ट तर मला जास्त झोंबली, कारण ती धोक्याची होती. कापडी सीट आणि कारपेटवर त्यांनी फेस आणि पाणी मारलं, पण ते परत खेचून घेणारं मशिन वापरलंच नाही. कारपेटखालचा नमदा (जाड अस्तर) स्पंजासारखा पाणी धरून बसला आणि वर सुगंध मारून गाडी बंद केली. काकांच्या मुलाने पुढची डावी सीट काढून कारपेट उचललं तेव्हा नमदा पिळता येईल इतका ओला होता, आणि खालच्या पत्र्यावर गंजाचे ठिपके सुरू झाले होते. हे पाणी पावसाचं किंवा एसीचंही असू शकलं असतं, म्हणून त्यांनी दारांची रबरं आणि एसीचा ड्रेन पाइप तपासला. दोन्ही ठीक होते. डॅशबोर्डवरचं सिलिकॉनचं पॉलिश स्टिअरिंगला लावलेलं, आणि ब्रेकच्या पेडललाही. पावसात ओल्या चपलेने त्या पेडलवर पाय घसरला असता तर? मी दीड महिना आईला शेजारी बसवून ती गाडी चालवली होती.

हेडलाइटही पुन्हा पिवळे पडायला लागलेत. ते पॉलिकार्बोनेटचे असतात आणि कंपनीने त्यांवर उन्हापासून वाचवणारा थर दिलेला असतो. पिवळेपणा काढताना तो थर घासला जातो. त्यावर नव्याने तसाच थर दिला नाही तर काही महिन्यांत पूर्वीपेक्षा वाईट होतात.

आता तक्रारीचं. मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. ते तक्रार समोरच्यापर्यंत पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न करतात, सक्ती करत नाहीत. उत्तर आलं नाही. मग एका वकील मैत्रिणीने नोटीस लिहून दिली आणि ती रजिस्टर पोस्टाने पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिलेल्या सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे तिच्यामुळे कळलं. बिल नाही म्हणून आपली बाजू लंगडी, असं मी समजत होते. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे त्याचे दर आणि "पेपर मारावा लागेल" हा मेसेज, वहीतले किलोमीटर, काकांनी लिहून दिलेले मायक्रॉनचे आकडे, हे सगळं जोडलं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, हेही नोटिशीत स्पष्ट लिहिलं. बाराव्या दिवशी दुकानदाराचा दुसऱ्या नंबरवरून फोन आला. बरीच रडारड करून त्याने १५,००० परत केले. आईला हेलपाटे नको होते, म्हणून मी तिथे थांबले. १७,००० गेले ते गेले.

माझं एक चुकलं त्याचं मला फार वाईट वाटतं. गाडी देताना कुठल्या पॅनलवर किती रंग आहे ते मी मोजून घेतलं नाही. ते आकडे हातात असते तर बोनेटचेही पैसे मागता आले असते. त्यामुळे जुनी गाडी कुणाकडे देणार असाल तर जाडीचं यंत्र आहे का, हे आधी विचारा, आणि प्रत्येक पॅनलचा आकडा कामाआधी आणि नंतर लिहून मागा. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याने अडीच वर्षं उघड्यावर पडलेल्या गाडीला पेपर लावता कामा नये. पॉलिश झाल्यावर, कोटिंग लावण्याच्या आधी, गाडी बघायला जा. उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली बघा, दुकानाच्या दिव्यांखाली नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक वीतभर जागा पुसायला सांगा. ग्लेझ असेल तर निघून जाईल आणि रेषा समोर येतील. प्रामाणिक माणूस हे स्वतःहून करून दाखवतो, कारण कोटिंगआधी त्यालाही तेल काढावंच लागतं. कोटिंगची बाटली आपल्यासमोर फोडायला लावा, वॉरंटी कार्ड कंपनीकडे नोंदवलं का ते बघा. गाडी देताना किलोमीटरचा फोटो काढा. गाडी घेताना कारपेटवर तळहात दाबून बघा, ओलं लागलं तर पैसे देऊ नका.

काकांनी नमदा काढून गच्चीवर दोन दिवस ऊन दाखवलं, पत्रा घासून गंजरोधक लावला, स्टिअरिंग आणि पेडल पुसून कोरडे केले. छत आणि मागचं डावं सोडून बाकी दारांना क्ले मारून हलकं पॉलिश केलं. त्यांनी सगळे मिळून ७,५०० घेतले आणि बिल दिलं. शिटेचे दोन खोल डाग त्यांनी मुद्दाम ठेवले. "हे काढायला गेलो तर खाली काही उरणार नाही, ताई. राहू द्या." बोनेटला नवा क्लिअर कोट द्यावा लागणार आहे, पण दमट हवेत फवारला तर तो दुधाळ होतो, म्हणून ते काम दसऱ्यानंतर. तोवर बोनेट तसंच, कडेला पांढरं.

झाडाखाली मात्र आता लावत नाही. शेजारच्या सोसायटीत महिना १,५०० भरून छताखालची जागा घेतली आहे. मागचं डावं दार जसं होतं तसंच ठेवलं, काकांनी त्यावर मशिन फिरवलं नाही. पुढची सीट रिकामी असली तरी आई आता त्याच दाराने बसते.