धावपट्टीकडे उतरताना: आयएलएस की गगन?

ढगांमधून उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टी दिसेपर्यंत मार्ग दाखवण्याचे काम आयएलएस (इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम, म्हणजे जमिनीवरून रेडिओ संकेत पाठवणारी यंत्रणा) अनेक दशके करत आले आहे. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असलेला लोकलायझर मध्यरेषा दाखवतो आणि बाजूचा ग्लाइड स्लोप साधारण ३ अंशांचा उतार. मात्र ही यंत्रणा धावपट्टीच्या प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र बसवावी लागते, तिच्यासमोरची जागा मोकळी ठेवावी लागते आणि ठरावीक काळाने विमान उडवून तिची तपासणी करावी लागते. लहान विमानतळाला हा खर्च जड जातो.

इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली ‘गगन’ प्रणाली जीपीएसमधील चुका जमिनीवरील केंद्रांतून मोजून त्यांच्या दुरुस्त्या भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानाला पुरवते आणि संकेत विश्वासार्ह नसल्यास काही सेकंदांत इशाराही देते. विषुववृत्तालगतच्या चंचल आयनोस्फिअरखाली (उपग्रहांच्या संकेतांत चुका आणणाऱ्या, वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थराखाली) हे साधणे विशेष कठीण होते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे इंडिगोचे एटीआर विमान या पद्धतीने उतरले. धावपट्टीवर आयएलएस नसतानाही असे मार्गदर्शन मिळते, हे मला फार मोलाचे वाटते. अर्थात विमानात त्यासाठीचा रिसीव्हर हवाच.

तरीही दिल्लीच्या दाट धुक्यात कॅट-३ आयएलएसला (अत्यंत कमी दृश्यमानतेतही विमान उतरवू देणाऱ्या आयएलएसच्या श्रेणीला) ‘गगन’ पर्याय ठरत नाही. शिवाय उपग्रहांचे संकेत क्षीण असल्याने ते दडपता येतात किंवा खोटे संकेत पाठवून विमानाची दिशाभूल करता येते. त्यामुळे मोठ्या विमानतळांवरील आयएलएस काढू नये, आणि लहान धावपट्ट्यांना ‘गगन’ आधी द्यावे.