स्टुटगार्टमधलं हिवाळी सेमिस्टर: एक्स्चेंजला जाऊन आल्यावर

एक्स्चेंजला जावं का, असं विचारलंत तर माझं उत्तर हो आहे. अट एकच: तिथल्या परीक्षा देऊन निकाल लागेपर्यंत राहता येणार असेल तर. डिसेंबरमध्ये ख्रिसमस मार्केट बघून, जानेवारीत परतायच्या बेताने जाणार असाल तर तेवढे पैसे खर्चू नका. मी पुण्यात सिव्हिलला आहे. शेवटच्या वर्षाचं पहिलं सेमिस्टर जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठात केलं आणि मार्च संपेपर्यंत तिथे होते.

तारखांचं सगळ्यात आधी सांगते, कारण एजंटांच्या माहितीपत्रकात नेमकं हेच नसतं. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात आणि परीक्षा त्यानंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. आपल्याकडे पुढचं सेमिस्टर जानेवारीतच सुरू होतं. उन्हाळी सेमिस्टर १ एप्रिलपासून, म्हणजे ते आपल्या वार्षिक परीक्षांवर आदळतं. सातव्या सेमिस्टरला गेलात तर जुलै ते सप्टेंबर जर्मन शिकायला मोकळे मिळतात, आणि आठव्यात मुख्यतः प्रोजेक्ट असेल तर गाइडशी आधीच बोलून त्याची सुरुवात तिथूनच करता येते. आमच्या सरांनी ते मान्य केलं म्हणून माझं जमलं. सहाव्या सेमिस्टरला जाणाऱ्यांचे हाल मी बघितलेत.

पैशांचं थोडक्यात. स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. विद्यापीठांच्या आपसातल्या करारातून येणाऱ्या एक्स्चेंजच्या मुलांना ती माफ असते. फक्त सेमिस्टरचं ठरावीक शुल्क भरावं लागतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, महिन्याला ९९२ युरो या हिशोबाने रक्कम दाखवावी लागली. स्टुटगार्ट महाग शहर आहे, त्यातले जवळजवळ निम्मे खोलीच्या भाड्यात जातात. त्यामुळे विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज स्वीकृतीपत्र आलं त्याच दिवशी टाका. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. बँक, विमा, सगळ्यांना तो पत्ता हवा असतो. पहिले काही आठवडे यातच जातात, हे धरूनच चाला.

मला खोली मिळाली ती एका जुन्या इमारतीत, दोन जर्मन मुलींसोबत. या भागातली केअरवोखं म्हणजे जिना आणि दारापुढचा रस्ता झाडण्याची आठवड्याची पाळी. आपली पाळी आली की शेजारच्या आजी दाराच्या मुठीला लाकडी पाटी अडकवून जायच्या. आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर. पहिल्या पाळीला त्या स्वतः बाहेर आल्या, जिन्याच्या कठड्याखालची धूळ बोटाने दाखवली आणि फडका कसा पिळायचा तेही दाखवलं. त्यानंतर त्या मला नावाने हाक मारू लागल्या. इमारतीत ओळख व्हायला दुसरा कुठलाच मार्ग इतका उपयोगी पडला नाही.

आता अभ्यास. हजेरी नाही. पंचाहत्तर टक्क्यांची भीती नाही, सबमिशनच्या फायली नाहीत, बहुतेक विषयांना इंटर्नलचे गुणही नाहीत. शेवटची लेखी परीक्षा, बस्स. ऐकायला हे छान वाटतं, पण नोव्हेंबरमध्ये कुणीही तुम्हाला अभ्यासाला बसवत नाही आणि फेब्रुवारीत एकदम सगळं अंगावर येतं. इंग्रजीतले बरेचसे विषय मास्टर्सचे असतात, ते वेगळंच. पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं, म्हणजे ३० युरोपीय क्रेडिटचं मानतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. वीसच्या आसपास घ्या, नीट शिका.

खरं शिकणं होतं ते युबुंगमध्ये, म्हणजे लेक्चरला जोडून असणाऱ्या गणितं सोडवायच्या तासात. प्रश्नपत्रक आधीच मिळतं. आमचा शिकवणारा पीएचडी करत होता. तो उत्तर फळ्यावर लिहून मोकळा व्हायचा नाही. एकदा एका मुलाने बीमच्या गणितात म्हटलं, ‘हा आधार इथे घर्षणरहित का धरलाय?’ पुढची वीसेक मिनिटं त्या एका गृहीतकावर गेली, उरलेली गणितं तशीच राहिली, आणि कुणालाही पोर्शन बुडाल्यासारखं वाटलं नाही. मलाही तिथेच हात वर करायची सवय लागली. परत आल्यावर पुण्यातल्या वर्गात मी ती सोडलेली नाही.

सिव्हिल किंवा आर्किटेक्चरवाल्यांनी स्टुटगार्टच का निवडावं, याचं माझं कारण विद्यापीठाच्या फायहिंगन कॅम्पसवर उभं आहे. जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांनी १९६४ मध्ये इथे हलक्या रचनांची संस्था काढली. तिची इमारत म्हणजे मॉन्ट्रियलच्या १९६७ च्या एक्स्पोतल्या जर्मन दालनासाठी आधी उभारून पाहिलेला नमुना: एकच खांब आणि त्यावरून ताणलेली तारांची जाळी. साबणाच्या पाण्यात तारेची चौकट बुडवली की जो पडदा धरतो त्यात कमीत कमी पृष्ठफळ असतं, आणि अशा पडद्यांवरून ते तंबूंचे आकार शोधत. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिम्पिक स्टेडियमचं छप्पर याच वाटेने आलं. कॅम्पसवरच्या संस्थेच्या छपराखाली उभं राहून वर पाहिलं की ताण म्हणजे काय ते सूत्राआधी डोळ्यांना कळतं. मी रिकाम्या तासाला तिथे जाऊन बसायचे.

परीक्षेबद्दल दोन गोष्टी. नावनोंदणी परीक्षेच्या कितीतरी आधी ऑनलाइन करावी लागते, मुदत गेली की गेली. आणि निकालानंतर उत्तरपत्रिका बघायचा एक दिवस जाहीर होतो, तो चुकवू नका. ओळखपत्र दाखवलं की तुमचा पेपर तुमच्या हातात देतात, शेजारी असिस्टंट बसलेला असतो. एका ठिकाणी माझी पद्धत बरोबर होती, चिन्ह चुकल्यामुळे पुढचं सगळं उत्तर बिघडलं होतं. मी विचारल्यावर त्याने शांतपणे पुन्हा वाचलं आणि पद्धतीचे गुण दिले. अर्ज नाही, फोटोकॉपीचे पैसे नाहीत. जानेवारीत परतलेल्यांच्या वाट्याला हे येतच नाही, म्हणून मी सुरुवातीला ती अट घातली.

क्रेडिटचं काम जायच्या आधीच लेखी करून घ्या. लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे तिथे कोणते विषय घेणार याच्या करारावर, दोन्हीकडच्या सह्या लागतात. तिथे गेल्यावर विषय बदलला तर सुधारित प्रतीवर लगेच सह्या घ्या. जर्मन श्रेणी १.० पासून सुरू होते, ४.० पर्यंत पास, ५.० म्हणजे नापास. १.७ पडले तर ते उत्तम आहेत, पण आपल्याकडच्या परीक्षा विभागाला तो आकडा उलटा वाटू शकतो. कोणत्या कोष्टकाने रूपांतर करणार ते विभागप्रमुखांकडून कागदावर घ्या. माझे बाकीचे विषय थेट धरले गेले. हलक्या रचनांचा विषय आमच्या अभ्यासक्रमात बसत नव्हता, तो ओपन इलेक्टिव्ह म्हणून लागला.