विजापूर रोडचा साठीपुढच्यांचा व्यायामवर्ग : जरूर लावा

सोलापुरात विजापूर रोडला आमच्या सोसायटीच्या मागे एक फिजिओथेरपिस्ट मॅडम साठी ओलांडलेल्यांचा वर्ग घेतात. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी, महिना ५०० रुपये. पैसे पुरेपूर वसूल होतात.

शाळेचे गणवेश शिवण्यात माझी उभी हयात मशीनवर गेली. कंबर तलावाला रोज फेरी मारायचे, तरी जमिनीवरून उठताना काहीतरी धरावंच लागायचं. मॅडमनी नीट समजावलं : चालण्यानं दम टिकतो, मांड्यांची ताकद आणि तोल मात्र वेगळा कमवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल आणि पासष्टीनंतर त्यातच तीन दिवस तोलाचे व ताकदीचे व्यायाम करायला सांगते.

नाव घालताना बीपी मोजतात, चालू गोळ्या लिहून घेतात. मग हात न टेकता खुर्चीवरून उठबस, टाचा उचलणं, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणं. एका पायावर उभं राहताना खुर्चीची पाठ हाताशी असतेच. कुणालाही रेटत नाहीत. वर्गात तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या आज्या बऱ्याच. त्यांना मॅडम मोडकंतोडकं का होईना त्यांच्याच भाषेत सांगतात. "अक्का, श्वास रोखू नका" हे मात्र सगळ्यांना मराठीतच.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पडल्यावर उठायचं शिक्षण. सतरंजीवर आडवं करून एकेकाकडून करून घेतात. आधी घाई न करता पडून राहायचं, कुठं दुखतंय ते बघायचं. खुब्यात कळ असेल किंवा डोक्याला लागलं असेल तर उठायचंच नाही, हाक मारायची. ठीक असेल तर कुशीवर वळायचं, कोपर टेकवून गुडघे-हातांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं. बैठकीवर दोन्ही हात ठेवून बळकट पाय पुढं रोवायचा, जोर लावून उठायचं आणि वळून बसायचं. माझ्या जाऊबाई बाथरूममध्ये पडल्यापासून एकट्या आंघोळीला जायला घाबरायच्या. हे शिकल्यावर त्यांची भीती बरीच गेली.

खाण्याचं बोलणं थोडकंच, पण आपल्या ताटातलं. ज्वारीची भाकरी खा, सोबत वरण, मटकी, दही असू द्या, कारण स्नायूंना प्रथिनं लागतात. शेंगाचटणी बंद करायला लावत नाहीत. दिवसभराचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याएवढंच ठेवा म्हणतात. वयानं तहान कमी लागते, म्हणून उन्हाळ्यात तहानेची वाट न बघता पाणी प्यायचं. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलंय त्यांनी तेवढंच.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. शेडमधली फरशी एका कोपऱ्यात उखडलीय, तोलाच्या वर्गात हे चालायचं नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत सातची वेळ उशिराची होते, पत्रा तापायला लागतो. सहाला सुरू करा असं आम्ही सांगितलंय, मॅडम विचार करतायत.

जाताना चपला घालून जाऊ नका. मागून बंद, पकड असलेले बूट लागतात. साडी असेल तर आत सलवार घाला, सतरंजीवर वळताना अवघडल्यासारखं होत नाही.