मढ ते आळेफाटा : बिबट्याच्या बोर्डांना किती तारे?

जुन्नर तालुक्यात मढपासून आळेफाट्यापर्यंतच्या मोठ्या रस्त्यावर आणि त्याला फुटलेल्या मळ्यांच्या रस्त्यांवर बिबट्याचे जे बोर्ड आहेत, ते मी बहुतेक अंधारातच पाहिलेत. पहाटेच्या दुधाची पिकअप असते माझ्याकडं. लोक गुगलवर वडापावच्या गाडीला तारे देतात, मग ज्याच्या भरवशावर माणूस पहाटे पायी चालतो त्या बोर्डाला का देऊ नयेत? बोर्ड कुणी लावला, कुठल्या निधीतून लावला, ह्यात मला पडायचं नाही. दिसतो का, वाचता येतो का आणि वाचून काही करता येतं का, एवढंच बघितलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुण्या-मुंबईची पाव्हणी मंडळी इथं हमखास गोंधळतात. मोठ्या रस्त्यावरचा ‘वन्यप्राणी मार्ग, वाहने सावकाश हाका’ हा बोर्ड तुम्हाला बिबट्यापासून वाचवायला नाही, बिबट्याला तुमच्यापासून वाचवायला आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर आणि आमच्या कल्याण रस्त्यावर गाडीखाली बिबटे मेलेत. तो बोर्ड वाचून काचा वर घेणारे मी पाहिलेत, वेग कमी करणारे फार कमी.

ह्या बोर्डाचा पत्रा चांगला, अक्षरं चमकणारी, लाईट पडली की लांबून उजळतात. तक्रार जागेची आहे. ताशी 80 च्या वेगानं गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चमकणारा बोर्ड लांबून दिसला तरी रस्त्यात उतरलेला बिबट्या काही चमकत नाही. डिपरवर, म्हणजे लाईट खाली पाडलेली असताना, तो 40-50 मीटरवर आला की कळतो, म्हणजे हातात दोन सेकंद. तेव्हा बोर्ड ओढ्याच्या, ओघळीच्या बऱ्याच आधी हवा, कारण जनावर तिथूनच रस्ता ओलांडतं. आमच्याकडं एक बोर्ड बरोबर ओढ्याच्या पुलावर आहे आणि वाचेपर्यंत पूल मागं जातो. दुसरा घाणेरीच्या जाळीत शिरलाय, पावसाळ्यात नुसता ‘सावकाश’ दिसतो. तरी चीज टिकाऊ आहे. तीन तारे.

आता फ्लेक्स. ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गावोगाव हेच आहेत. वर लाल अक्षरात ‘सावधान! बिबट्याप्रवण क्षेत्र’, मधे जबडा फाडलेलं जनावर, खाली सौजन्य म्हणून कुणाकुणाचे हसरे फोटो. दिवसा झकास. रात्री फ्लेक्स चमकत नाही, लाईटमध्ये नुसता करडा पडदा दिसतो. वारा जावा म्हणून छपाईवाला मधे अर्धगोल काप मारतो, ते नेमके अक्षरांवर येतात. एक पावसाळा काढला की रंग उडून जनावराचे नुसते दात राहतात आणि ते तरी कुठल्या जनावराचे? एका फाट्यावरच्या फ्लेक्सवर चक्क चित्ता आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तोंडापर्यंत काळ्या रेघा आणि अंगावर भरीव ठिपके. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची कडी असतात, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. छापणाऱ्यानं मोबाईलवर पहिला आला तो फोटो चिकटवला असणार.

बरं, फ्लेक्स सांगतो काय? ‘सावधान’. सावधान म्हणजे नेमकं काय करायचं, बाबा? वाकून काम करू नका, लहान पोराला बांधावर एकटं बसवू नका, उघड्यावर झोपू नका, बोलत चला, मोबाईलवर गाणं लावा, काहीतरी एक ओळ! बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं, हे आमच्याकडं बायांनाही ठाऊक आहे. 2025 च्या हिवाळ्यात शिरूरच्या पिंपरखेडकडं लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते. एवढी वेळ आलेल्या मुलखात बोर्डावर चार शब्द जास्त छापायला शाई महाग नव्हती.

फ्लेक्सचा एक खरा उपयोग मात्र पाहिला. आमच्या एका गवळ्यानं पडलेला फ्लेक्स उचलून शेळ्यांच्या गोठ्यावर टाकलाय. चित्र खालच्या बाजूला, म्हणजे शेळ्यांनी मान वर केली की थेट जबडा. म्हणलं, “अण्णा, शेळ्या दूध देतात का अशानं?” ते म्हणाले, “त्या रोज बघून बघून कोडगी झाल्यात, तुमच्यासारखीच.” एक तारा, तोही कापडाला.

कालव्याच्या रस्त्याला जुने लोखंडी बोर्ड आहेत, पिवळ्यावर काळं रंगवलेले. गंजलेत, पण पेंटरनं हातानं काढलेलं अक्षर आजही वाचता येतं. त्यांच्यावर सूचना आहेत : अंधारात एकटे फिरू नका, घराभोवती उजेड ठेवा, जनावरं बंदिस्त गोठ्यात बांधा. खाली फोन नंबर आहे, फक्त शेवटचे दोन आकडे पोपडे धरून गेलेत. राज्यभर चालणारा वनविभागाचा 1926 हा चार आकडी नंबर आहे, तो पाठ होतो, तो का टाकला नाही कळत नाही.

ह्यातल्याच एका बोर्डाच्या बुडाशी कोंबड्यांची घाण टाकतात. पिसं, आतडी, कधी मेलेल्या पिल्लांची अख्खी पोती. पोल्ट्र्या इकडं गावागणिक आहेत आणि टाकणाऱ्याला रस्त्याकडेची मोकळी जागा लागते. घाणीवर कुत्री येतात, कुत्र्यांवर बिबट्या. घाट ओलांडला की लगतच अकोले तालुका. तिथं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. राखीव जंगल नसलेल्या ऊस-शेताच्या मुलखात 100 चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले आणि त्यांच्याच पुढच्या अभ्यासात बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे बोर्डावर पहिली ओळ ‘येथे कोंबड्यांची घाण टाकू नका’ अशी पाहिजे, बिबट्याचं चित्र नसलं तरी चालेल. अडीच तारे. सूचना नसत्या तर दीड दिले असते.

‘रात्री एकटे शेतात जाऊ नका’ ह्या ओळीवर माझे गवळी चिडतात, तेही सांगतो. मोटरीची थ्री फेज लाईट आठवडा पालटून रात्रीची येते. बोर्ड म्हणतो जाऊ नको, लाईट म्हणते ये. पाणी भरायला माणूस जाणारच. म्हणून ‘जाऊ नका’पेक्षा ‘दोघं जा, बॅटरी न्या, काठीला घुंगरू बांधा’ असं लिहिलेलं बरं.

पण सगळ्यांत मोठी अडचण अशी की बोर्ड एका जागी आणि बिबट्या दुसरीकडं. कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि दाट सावली, पाणी, आडोसा सगळं त्याला उसात मिळालं. माद्या उसातच वितात. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाचे फड तुटायला लागतात आणि ह्या मळ्यातला बिबट्या त्या मळ्यात सरकतो. कार्तिकात जिथं बोर्ड बरोबर होता, तिथं फाल्गुनात कांदा नाहीतर मोकळं रान असतं आणि बिबट्या अर्धा कोस पलीकडं, जिथं बोर्डच नाही. हंगामात फडाबरोबर हलवता येईल असा खांबावरचा बोर्ड हवा. असा बोर्ड मी अजून पाहिला नाही.

ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज ते तर बाहेरचे. बीडकडच्या, नगरकडच्या तोडीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकतात. बाया पहाटे अंधारात फडात, पोरं कोपीपाशी. मागच्या हंगामात एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, “भाऊ, त्या पाटीवर काय लिव्हलंय? मुकादम म्हणला, वाघाचं हाये.” वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ते तर ठाव हाये. पण लेकरू कुठं ठिवू, ते लिव्हलंय का?”

नव्हतं लिहिलेलं.

तिच्या कामाचं त्यातल्या त्यात काही असेल तर एका वस्तीशाळेच्या भिंतीवरचं चित्र. अक्षर जवळजवळ नाहीच. एका चौकोनात खाली बसलेली बाई, तिच्यावर लाल फुली. शेजारी उभं राहून हात वर केलेली बाई, तिच्यावर हिरवी खूण. तिसऱ्यात उसात दोन बछडे आणि त्यांच्यापासून लांब जाणारी माणसं. हा तिसरा चौकोन लाख मोलाचा आहे, कारण तोडीत बछडे सापडले की सेल्फी काढायला झुंबड उडते आणि माय जवळच असते. वनविभागाचे लोक संध्याकाळी बछडे क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात, रात्री ती येऊन घेऊन जाते. गर्दी केली तर येत नाही, नाहीतर चवताळून येते. चित्रातली बाई जरा मास्तरणीसारखी दिसते, पण चार तारे. भिंत रस्त्याकडं तोंड करून असती तर साडेचार.

पाचही तारे मी एकाच बोर्डाला देतो आणि तो खरं तर बोर्डच नाही. आमच्या एका दूध संस्थेच्या दारात फॅट-एसएनएफच्या, म्हणजे दुधाच्या प्रतीप्रमाणे ठरणाऱ्या, दराचा काळा फळा आहे. त्याच्या तळाला सेक्रेटरी खडूनं लिहितात : ‘काल रात्री 9 वा. पाटाच्या वरच्या अंगाला दिसला. सोबत दोन पिल्ले. चिंचेकडून जाऊ नये.’ आज लिहिलेलं, जागा ठाऊक असलेली आणि दूध घालायला येणारा प्रत्येक माणूस दर बघताना वाचतो. फ्लेक्सच्या शंभर जबड्यांनी जे होत नाही ते ह्या दोन ओळींनी होतं. त्या दिवशी चिंचेकडचे गवळी कॅन घेऊन खालच्या रस्त्यानं आले. मी स्वतः गाडी तिकडून वळवली.

खोट एवढीच की दर बदलला की सगळा फळा पुसतात आणि बिबट्याही पुसला जातो. सेक्रेटरींना म्हणलं, “ह्याला वेगळा फळा घ्या.” ते म्हणाले, “मासिक सभेत विषय घेतो.” सभा होईल तेव्हा होईल. फळा मी आळेफाट्यावरून आणून देतो, खडू तेवढा संस्थेनं घालावा.