पट्टीवर दोन रेघा उमटल्या म्हणून लगेच पैसे भरू नका

आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट-ट्यूब उपचारात, भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर (ट्रान्स्फरनंतर) प्रोजेस्टेरॉन हे गर्भाला आधार देणारं हार्मोन बहुतेकदा लागतंच. स्त्रीबीजं वाढवण्याच्या औषधांनी शरीरातलं एलएच हे हार्मोन दबतं आणि कॉर्पस ल्युटियम, म्हणजे बीज सुटल्यावर अंडाशयात उरणारा, प्रोजेस्टेरॉन बनवणारा भाग, लवकर मंदावतं. म्हणून २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल योनीमार्गात दिवसातून तीनदा, ८ टक्क्यांचं जेल किंवा तेलातलं इंजेक्शन देतात. यात फसवणूक नाही. फसवणूक या औषधांच्या आडून होते.

मध्य मुंबईतल्या एका केंद्रात एका बाईंना ट्रान्स्फरनंतर ‘गर्भ रुजायला’ म्हणून दर तीन दिवसांनी इंजेक्शन दिलं गेलं. फाइलवर औषधाचं नाव नाही, व्हायल (औषधाची बाटली) दाखवली नाही. मग तिथेच गर्भचाचणीची लघवीची पट्टी, दोन रेघा, अभिनंदन आणि ‘गर्भसंगोपन पॅकेज’चे पैसे, तेही परत न मिळणारे. आठवडाभरात पाळी आली. नंतर बिलं चाळली तेव्हा कळलं, इंजेक्शन एचसीजीचं, म्हणजे गरोदरपणात शरीर बनवतं त्या हार्मोनचं होतं.

पट्टी शोधते तेच एचसीजी. १०,००० युनिटचा डोस रक्तातून पूर्ण जायला १० ते १४ दिवस लागू शकतात, आणि लहान डोस पुन्हा पुन्हा दिले की पट्टी खोटं बोलतच राहते. शिवाय बीजं जास्त आली असतील तर याच इंजेक्शनानं अंडाशय सुजून पोटात पाणी साठण्याचा धोका वाढतो. त्या बाईंचा गर्भ रुजला होता की नव्हता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पुढचा डॉक्टर मात्र ‘एकदा रुजला होता’ असं धरून उपचार ठरवेल. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

प्रत्येक इंजेक्शनाचं नाव, डोस, बॅच क्रमांक फाइलवर लिहून घ्या; व्हायलच्या लेबलाचा फोटो काढा. बीटा एचसीजी ही या हार्मोनची चाचणी रक्तातूनच करा, ४८ तासांच्या अंतरानं दोनदा, एकाच बाहेरच्या लॅबमध्ये. सुरुवातीला गर्भ नीट वाढत असेल तर आकडा सहसा निम्म्याहून जास्त वाढतो. घसरला तर कारण इंजेक्शनही असेल, गर्भ न टिकणंही. इंजेक्शनांच्या तारखा हाताशी असतील तरच उलगडा होतो. तोवर पॅकेजवर सही नको.

संशय आला तरी प्रोजेस्टेरॉन मनानं बंद करू नका. गोठवलेलं भ्रूण सोडण्यासाठी गर्भाशय बाहेरच्या हार्मोननं तयार केलं असेल (हार्मोन-सायकल), तर कॉर्पस ल्युटियम नसतंच, सगळा भार बाहेरच्या औषधावर असतो. दुसऱ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा बिल दिलं नाही, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते. केंद्राच्या वागणुकीची तक्रार २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडे करा, सोबत फाइलची प्रत आणि व्हायलचे फोटो जोडा.